पर्गोल्याचं माप

फेब्रुवारी अखेर, शुक्रवार, दिवेलागण

दारापुढचा पर्गोला आज उभा राहिला. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत आडवे लोखंडी पाइप, वर मधुमालती चढवायची. उन्हाळ्यात आईला दारात बसता यावं, म्हणून तर केला. बायको खूश. मग मलाच का चैन पडत नाही?

परवा माप घेताना वेल्डरनं विचारलं होतं, "सर, घरात सगळ्यात उंच कोण हाय?" मी ऐटीत पुढं झालो. माझ्या डोक्यावर वीतभर जागा सोडून त्यानं खूण केली.

आज संध्याकाळी आई रानातून उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली. गोठ्याची वाट पर्गोल्याखालूनच. भारा पहिल्याच पाइपाला अडकला. आई थांबली, दुखऱ्या गुडघ्यांत वाकली आणि तशीच वाकून गोठ्यापर्यंत गेली.

"लागलं का गं?"

"न्हाई रं बाबा. लई बेस झालाय मांडव. देवळात जाताना वाकतोच की."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वाढ्याचं एक हिरवं पान अजून पाइपाला लटकतंय. बायको काढायला निघाली होती. म्हटलं, राहू दे. लिहितानाही नजर त्या पानाकडंच जातेय.

शेवटी वेल्डरला फोन केला. "उद्या या. दोन फूट वर घ्यायचाय, माप चुकलं."

"अवो सर, तुमचंच तर माप घेतलं!"

तेच चुकलं. घरातलं सगळ्यात उंच माणूस तेव्हा रानात वाढं बांधत होतं.