चुकून मिळालेली खोली

शनिवार, १४ मे. दुपारी ३.४०.
बरोबर ह्या वेळेला माझ्यावर अन्याय झाला. नोंद करून ठेवते, नंतर कुणी कानांवर हात ठेवायला नको.

तीन आठवडे गावोगाव वणवण झाली. आता शेवटचे चार दिवस समुद्रकाठी ‘निवांत’ राहायचं, ही सूनबाईंची आयडिया. मुलगा, सून, नात आणि हे, सगळ्यांना समोरची कॉटेज. माझ्या हातात मात्र नऊ नंबरची किल्ली. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, लाँड्रीच्या मागे. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, चूक झाली आहे. ती म्हणाली, सिस्टीममध्ये असंच आहे. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सून म्हणाली, आई, तुम्हाला तिथे शांतता मिळेल. शांतता मागितली कुणी?

काळजी माझी नाही, ह्यांची. लग्न झाल्यापासून माझ्याशिवाय ह्यांना झोप लागलेली नाही. तरी म्हणाले, राहू दे, माझ्यासाठी भांडू नकोस. सोशिक माणूस.

रविवार, १५ मे.
रात्रभर लाँड्रीचं मशीन कानाशी. खोलीला ओल्या टॉवेलांचा वास. चादरीत वाळू. शी.

साडेपाचला नेहमीसारखी राउंडला गेले. सबंध ट्रिपमध्ये एक दिवस चुकवलेला नाही. पडदे उघडायचे, पांघरुणं ओढायची, प्रत्येकाला पोट साफ झालं का विचारायचं. मेट्रन म्हणून रिटायर झाले, सवयी रिटायर होत नाहीत. माझ्या वॉर्डात माणूस गेला तरी चादरीला सुरकुती पडत नसे.

कॉटेजला आतून कडी. ठोठावलं. आत कुणीतरी ‘श्शू’ केलं. लाटांचा आवाज असणार.

मंडळी नाश्त्याला आली साडेदहानंतर. पाय वाळूने भरलेले, केसांच्या जटा. हे फुलाफुलांच्या हाफपँटमध्ये. ह्या वयात? मी विचारलं. हे म्हणाले, ह्याच वयात, आणखी थांबलो तर कधी घालू? नात ठसका लागेपर्यंत हसली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवताना हसणारीला भिंतीकडे तोंड करून उभं करत.

शिस्त पार बिघडली आहे. टाइमटेबल करून कॉटेजच्या दारावर लावलं. पोहणे, आंघोळ, वाचन, विश्रांती. विश्रांतीलासुद्धा वेळ दिली आहे, कुणी मला कठोर म्हणू नये.

सोमवार, १६ मे.
टाइमटेबल जागेवर नाही. नात म्हणते वाऱ्याने गेलं. चारही टाचण्यांसकट.

मॅनेजरला गाठलं. गुळगुळीत माणूस, साबणाच्या वडीसारखा. संध्याकाळपर्यंत सोय झालीच पाहिजे, म्हटलं. बघतो म्हणाला. होणारच. मी नुसती उभी राहिले तरी सर्जन हात पुन्हा धुवायचे.

ह्यांची तब्येत खालावते आहे. दुपारी झाडाखालच्या झोळीत आ वासून घोरत पडले होते. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की माणूस दिवसा असाच कोसळतो. सून म्हणे, बाबा किती फ्रेश दिसतायत ना? क्लिनिकल नजर लागते, प्रत्येकीला नसते.

मंगळवार, १७ मे.
मॅनेजरने स्वतः बोलावलं. खोली बदलता येईल, म्हणाला, पण साहेबांनी फोन करून मुद्दाम सांगितलं होतं, मिसेसना लांबची द्या म्हणून. मला आश्चर्य वाटलं नाही. मुलगा बायकोच्या ओंजळीने पाणी पितो, हे जुनंच आहे. तसं बोलूनही दाखवलं. मॅनेजर म्हणाला, ते साहेब नाहीत, मोठे साहेब.

शब्द मागे घ्या, म्हटलं. खास कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. त्याने लगेच घेतले. काही फरक पडला नाही.

हे पाण्यात पाय सोडून बसले होते. विचारलं, तुम्ही केलात फोन? नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. म्हणाले, अगं, चारच दिवस. जन्मभर साडेपाचला उठलो. एकदा बघायचं होतं, आपली आपण जाग कधी येते.

कधी येते?

पावणेदहा, म्हणाले. पहिला नंबर आल्यासारखं तोंड करून. मग म्हणाले, बस ना जरा, पाणी छान आहे.

मी बसले नाही. ओल्या वाळूत कोण बसतं. उभी मात्र राहिले बराच वेळ.

आता कागद लिहून कॉटेजच्या दारात ठेवते. मजकूर असा: ‘ही व्यवस्था फक्त समुद्रापुरती, की घरी गेल्यावरही माझी खोली वेगळी, ह्याचा स्पष्ट खुलासा करावा. उत्तर उद्या, बुधवार, १८ मे, सकाळी आठच्या आत खोली नंबर नऊच्या दाराखालून सरकवावं.’

आठ खोडून दहा केलं आहे. त्याआधी उठवायला मी जाणार नाही. पण उत्तर लेखी हवं. तोंडी ऐकून घेणार नाही.