मावशीच्या गाडीचे घडीव पिस्टन

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर आठांपैकी सातच अंगं टेकवली आहेत. आठवं म्हणजे मन, आणि ते गेले सात महिने एका गाडीपाशी पडून आहे. कारण पुढे येईलच.)

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझा गुडघा कसा आहे? तुझी सून सांगते की जिना उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा आणि चढताना चांगला. ती दिवसभर लोकांच्या सांध्यांना व्यायाम शिकवते, तेव्हा तिचं ऐकावं. मी दिवसभर लोकांना चष्मे लावतो, तेव्हा माझंही थोडं ऐक: नव्या चष्म्यातून पायरी वर उचलल्यासारखी दिसत असेल, तर खालच्या काचेतून बघू नकोस, हनुवटी छातीकडे घे. पंधरा दिवसांत सवय होते. नाही झाली तर पायरीला होते.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणालो, आलो असं नाही.) गेल्या तीनही पत्रांत तू शेवटी एकच ओळ लिहिलीस, ‘गाडी कशी आहे?’, आणि मी तिन्ही वेळा ‘मजेत आहे’ असं कळवलं. ते अगदीच खोटं नव्हतं. इंजिन काढून ठेवलेल्या गाडीइतकं निश्चिंत जगात कोणी नसेल. नाक उघडं टाकून ती एका भिंतीशी उभी होती, उन्हं तिच्या रिकाम्या पोटात उतरायची, आणि एक मांजर तिथे दुपारची झोप घ्यायचं. मजेत नाही तर काय म्हणायचं?

तू अठरा वर्षं ती गाडी अडलेल्या गाई-म्हशींपर्यंत पळवलीस. डोंगरातल्या एकेका गोठ्याला तिचा आवाज ओळखू यायचा. लहानपणी सुट्टीत तू मला शेजारी बसवायचीस, आणि चढावर टर्बो जागा झाला की पाठीवर कुणीतरी मोठा, प्रेमळ हात ठेवून पुढे ढकलतंय असं वाटायचं. तो हात मी अजून विसरलेलो नाही. डोळे मिटले की येतो. (दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना येतो, ही तुझ्या सुनेची तक्रार.) तू किल्ली माझ्या हातात दिलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, ‘हिचं ऐकत जा.’ मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तर झालं असं की सात महिन्यांपूर्वी एक गृहस्थ चष्म्याला आले. गाड्यांचा जोर वाढवून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून आपण त्यांना जोरवाला म्हणू. मी त्यांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होतो आणि ते तुझ्या गाडीबद्दल विचारत होते. टर्बो असलेल्या इंजिनात म्हणे कंपनी मुद्दाम थोडा जोर झोपवून ठेवते, तो फक्त जागा करायचा, लॅपटॉप लावला की अर्ध्या तासाचं काम. त्या क्षणी मला तो पाठीवरचा हात आठवला आणि वाटलं, हा हात आणखी थोडा मोठा असता तर? मी मान हलवली.

मावशी, पहिले आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो. सिग्नलपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर संपायच्या आत संपायचं. मग एका दुपारी आम्ही दोघं घाटात गेलो. ढग खाली आले होते, रस्ता अर्धा दिसत होता आणि अर्धा मी मनाने पुरा करत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, इंजिनातून एक फार गोड आवाज यायला लागला. काचेच्या गोट्या वाटीत हळूच हलवाव्यात तसा. मी रेडिओ बंद केला, काच वर केली आणि ऐकत राहिलो.

‘हे काय किणकिणतंय?’ तुझ्या सुनेने विचारलं.

‘गाडी खूश आहे,’ मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं आणि पाय आणखी दाबला. पुढच्या वळणावर गोट्या एकदम थांबल्या. आरशात पाहिलं तर मागचा डोंगर निळा झाला होता. मला वाटलं काय सुंदर धुकं पडलंय. ती म्हणाली, ‘ते धुकं आपल्यातूनच निघतंय.’

गाडी ज्यांच्याकडे ओढून नेली त्या मेकॅनिकना सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर तेच असतं. त्यांनी चार दिवसांनी इंजिनाचं डोकं उघडलं, आणखी दोन दिवसांनी तिसऱ्या सिलेंडरमधला पिस्टन काढून माझ्या तळहातावर ठेवला. रिंगा ज्या खाचांत बसतात त्या दोन खाचांमधली कड तुटली होती, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बाजूने लांब ओरखडा होता.  एवढंसं ते भांडं, मिनिटाला हजारो वेळा वर-खाली जात होतं, अठरा वर्षांत त्याने तुला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, आणि माझ्या हातात आठ दिवसांत त्याचा जीव गेला.

‘आवाज आला असेल,’ सावकाश म्हणाले.

‘आला होता. गोड होता.’

त्यांनी तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, ‘ते पेट्रोल वेळेआधी भडकत होतं. हातोड्याने ठोकल्यासारखं. पिस्टन ओतीव होता, बिचारा. त्याला हा जोर ठाऊकच नव्हता.’

आणि इथून माझ्या आयुष्यात ओतीव आणि घडीव हे दोन शब्द शिरले ते अजून गेले नाहीत. ओतीव म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला. स्वस्थ, शांत, नेहमीच्या कामाला उत्तम, पण अशा माराखाली तडकणारा. घडीव म्हणजे तापलेल्या गोळ्यावर प्रचंड दाब देऊन घडवलेला. तो मार खाईल, फार तर थोडा दबेल, पण सहसा तडकणार नाही. जुनाच जोर ठेवायचा असेल तर ओतीव पुरे, थोडा वाढलेला ठेवायचा असेल तर घडीव. मी घडीव म्हणालो. तुझ्या गाडीला पुन्हा कधी काही तुटलेलं मला पाहायचं नव्हतं. पण घडीवमध्येही दोन प्रकार निघाले! एक फार चिवट, शर्यतीच्या गाड्यांत घालतात तो. तापला की खूप फुगतो, म्हणून सिलेंडरमध्ये त्याला जास्त फट ठेवावी लागते, आणि थंड असताना तो त्या फटीत टकटक वाजतो. दुसरा थोडा कमी चिवट, पण कमी फुगणारा, म्हणून जवळ बसणारा आणि शांत.

मी दोन्हींचा एकेक नमुना दुकानात आणून अक्षरांच्या तक्त्याखाली ठेवला. मावशी, इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा फिरवत विचारतोय, ‘ही बरी की ही?’, आणि ते गोंधळले की मनात हसतोय. आता बसलो तीन आठवडे त्या दोन पिस्टनांपुढे. सकाळच्या उजेडात चिवट बरा वाटायचा, दुपारी शांत. दुपारभर त्यांच्या चकचकीत माथ्यांवर समोरच्या इमारतीची खिडकी आणि एक आकाशाचा तुकडा पडलेला असायचा, आणि मी त्यात गाडी चालवत असायचो.

सोडवणूक केली ती लेथवाल्या बाईंनी. सिलेंडर घासून मोठे करून देणाऱ्या या बाईंकडे मी इंजिनाचा ब्लॉक घेऊन गेलो आणि म्हणालो, पिस्टन ठरायचेत, तोवर तुम्ही सिलेंडर करून ठेवा. त्यांनी मायक्रोमीटर पुसत विचारलं, ‘पाय न बघता बूट शिवू? आधी पिस्टन आणा. प्रत्येक मोजते, मग त्याच्या मापाचं घर करते.’ मग म्हणाल्या, ‘गाडी कुठे चालवणार?’

मी सांगितलं. एक लांबलचक रस्ता सांगितला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, पहाटेची वेळ, समोर कोणी नाही. चांगली दहा मिनिटं सांगितला. त्यांनी यंत्र बंद करून ऐकला, हे विशेष.

‘छान आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि सोमवारी कुठे जाता?’

‘सोमवारी दुकानात. दोन किलोमीटर.’

‘मग चिवट पिस्टन गरम होऊन नीट बसायच्या आत तुमचं दुकान येणार. जन्मभर टकटक ऐकाल. दुसरा घ्या. तुम्ही वाढवलेल्या जोराला तो पुरून उरतो.’

मी इतका हलका झालो की काय सांगू. तीन आठवड्यांचं ओझं एका सोमवारने उतरलं.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. चार पिस्टन आले, ग्रॅममध्ये तोलून जुळवलेले, एकमेकांची सख्खी भावंडं. बाईंकडे न्यायच्या आधी एक दिवस जवळ असावेत म्हणून मी ते दुकानात ठेवले, काच पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळून, चष्म्यांच्या मोठ्या डब्यांत. (मोह, दुसरं काय.) संध्याकाळी मोजले तर तीन. चौथ्या डब्यात निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा वाचायचा चष्मा माझ्याकडे बघत होता. त्या दुपारी येऊन स्वतःचा डबा घेऊन गेल्या होत्या, आणि मी मान हलवली होती.

तसाच पळत त्यांच्या घरी गेलो. टेबलावर पिस्टन उलटा ठेवलेला, त्यात तीन पेनं आणि एक पट्टी. बाई म्हणाल्या, ‘डबा जड लागला तेव्हा म्हटलं नंबर वाढला असेल. उघडला तर हे. वाटलं, दुकानाची भेटवस्तू. चांगली आहे हो, कलंडत नाही.’ मी त्यांना समजावलं की याचे तीन भाऊ माझ्याकडे आहेत आणि याच्या जागी दुसरा चालणार नाही. त्यांनी पेनं काढली, पिस्टन फडक्याने पुसला आणि शाळेतल्या मुलाला पाठवताना सांगावं तसं त्याला सांगितलं, ‘जा. नीट काम कर.’ 

लेथवाल्या बाईंनी चारही मोजले, चार घरं केली. सावकाशांनी रिंगा चढवल्या, तेल लावलं, आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळू ठोकत एकेक पिस्टन आत सरकवला. चौथा गेला तेव्हा आतून एक मंद, तेलकट सुस्कारा आला. त्यांनी जोरवाल्यांचं सगळं पुसून पेट्रोलची आणि ठिणगीची वेळ नव्याने लावली, जोरही बराच खाली आणला. मी म्हणालो, आता पिस्टन मजबूत आहेत ना? त्यावर ते इतक्या महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य बोलले: ‘मजबूत पिस्टन आवाज थांबवत नाही, तो फक्त तुम्हाला ऐकायला थोडा जास्त वेळ देतो.’

गाडी सुरू झाली. पहिली दोन मिनिटं अगदी बारीक टकटक, कुणी परवानगी मागत दार वाजवावं तशी. मग तीही विरली. मला तुझं ‘हिचं ऐकत जा’ आठवलं.

गेले सहा आठवडे गाडी आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये आहे. रोज दुकानातून आलो की मी पाच मिनिटं तिच्यात बसतो. किल्ली फिरवत नाही. पहिले हजार किलोमीटर म्हणे जपून चालवायची: रेटायची नाही, पण लाडावूनही ठेवायची नाही, चढ द्यायचे, उतार द्यायचे, आणि सगळा वेळ कान उघडे ठेवायचे. हे शेवटचं आठवून माझा हात थांबतो. मी बसतो, समोरची भिंत बघतो, भिंतीचा रस्ता होतो, रस्त्याचा घाट होतो, आणि घरातून तुझ्या सुनेची हाक येते.

तर मावशी, गाडी कशी आहे याचं खरं उत्तर हे असं आहे. रागावलीस तर सविस्तर रागाव, पत्र मोठं येईल. तुझ्या लेकीला, आमच्या ताईला, नमस्कार आणि तिच्या पोरांना आशीर्वाद.

तुझा, मान हलवणारा,
भाचा

ता. क. ताईने कळवलं की तू हल्ली कुठे जात नाहीस. खिडकीत बसतेस आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचं काय बिघडलंय ते आवाजावरून सांगतेस. ते वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. म्हणून विचारतो: पहिले हजार किलोमीटर तू चालवशील का? गुडघ्याला तुझी सून पट्टा बांधून देईल. डोळे मी तपासतो, आणि नापास झालीस तरच नाही म्हणेन. मी शेजारी बसेन. सध्या मला तेवढंच जमतं.

ता. ता. क. ताईला हे दाखवू नकोस. डोळे तपासायला बोलावलंय एवढंच सांग.

सौ. चे दोन शब्द: मावशी, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. घाटात मी दोनदा नाही, पाच वेळा विचारलं होतं. दुसरं असं की इंजिन बांधून झाल्यावर गाडी नुसती उभी ठेवू नका, असं सावकाशांनी मला बजावलं होतं. म्हणून हे दुकानात गेले की मी गाडी काढते. घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते, परत येते, एकदा तेलही बदलून आणलं. साडेचारशे झाले. यांनी मीटरकडे अजून पाहिलेलं नाही. हे फक्त भिंत बघतात. तुम्हीही काही बोलू नका. घाट मी अजून चढले नाही. तो तुमच्यासाठी ठेवलाय. या.