घसरून पडल्याची नोंद

१० नोव्हें., सोम.
देहूरोडला लष्करी दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलो. नवीन डॉक्टरीणबाई, कॅप्टन, वय फार तर सत्तावीस. एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाली, "काका, ह्यात लोखंड आहे." म्हटलं, असेल. "पण तुमच्या जुन्या कागदावर तर दगडावरून घसरून पडले, किरकोळ इजा, असं लिहिलंय. दगडात लोखंड कुठून आलं?"

चोवीस वर्षं झाली. इतक्या जणांनी तो कागद पाहिला, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मी काय बोललो? "बघा ना मॅडम." वर खुळ्यासारखा हसलो.

म्हणाली, जखम शत्रूच्या गोळ्याची असेल तर तुम्हाला पराक्रम पदक मिळायला हवं होतं, जखमींना देतात ते. नोंद दुरुस्त करून घ्या.

निगडीपर्यंत बसमध्ये उभा होतो. गुडघ्याचं लक्षातच आलं नाही.

११ नोव्हें., मंगळ
चाकणला कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या ड्युटीत, दिवस वाईट गेला. एका ट्रकवाल्यावर उगाच खेकसलो. बिचाऱ्याचे कागद बरोबर होते. तो म्हणाला, "मामा, आज घरी भांडण झालं का?" काय सांगू त्याला.

इथे लिहून ठेवतो. निदान एका ठिकाणी तरी खरं असू दे.

तेव्हा वर, सीमेवरच्या पोस्टवर होतो. सकाळी चहाच्या वेळी त्यांचे गोळे सुरू झाले. मग गरम काहीतरी पायात शिरलं. परब, आमचा नर्सिंग असिस्टंट, कुडाळकडचा, मला पाठीवर घेऊन दीड तास उतरला. खाली आल्यावर पाय बांधला आणि नोंदीची वही काढली. मी त्याचा हात धरला. शत्रूच्या गोळ्याने जखमी असं लिहिलं की घरी तार जाणार. घरी एक तार आधीच येऊन गेली होती, थोरला भाऊ अण्णा गेल्याची. तोही फौजेत. त्या तारेनंतर आई सहा महिने कुणाशी बोलली नव्हती. आता शालनचं, धाकट्या बहिणीचं, लग्न नऊ दिवसांवर. म्हटलं, परब, घसरून पडला असं लिही. तो नाही म्हणाला. मी आईवरून शिवी दिली. तरी नाही म्हणाला. मग मी रडलो. मग त्याने लिहिलं.

बस. क्लार्कची चूक नाही, परबची नाही. माझी.

१६ नोव्हें., रवि.
शालन आणि दाजी भोसरीहून आले जेवायला. लिफ्ट बंद, तीन मजले चढून आलो. शालन मागून, "दादा, सांभाळून हं, पायरी आहे." दाजी हसले, आमचा पोरगा निलेश हसला. मीपण हसलो. इतक्या वर्षांचं घरचं हसणं आहे ते.

सुरुवात आईने केली. "येवढा डोंगर चढून गेला आन् दगडावर आपटला, वेंधळा." आल्यागेल्याला सांगायची. गावात मी घसरलेला फौजी. आई होती तोवर बरं वाटायचं, ती हसते म्हणून. ती जाऊन पाच वर्षं झाली. आता कोणासाठी हसायचं?

मला ते पदक पाहिजे. इथे कबूल करतो. डॉक्टरीणबाईंनी विचारेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं, एवढं पाहिजे आहे ते.

२१ नोव्हें., शुक्र
सुट्टी टाकून देहूरोडला जाधव साहेबांकडे. रिटायर्ड सुभेदार मेजर, माजी सैनिकांचे अर्ज भरून देतात. त्यांना सगळं खरं सांगितलं. चष्मा काढून बघत राहिले माझ्याकडे. "हे मला सांगितलंत ते ठीक. बाहेर तोंडातून काढू नका. स्वतः खोटं लिहवून घेतलं म्हणालात तर अर्ज तिथेच मेला."

मग काय करायचं साहेब?

"ज्याने नोंद केली तो जिवंत आहे? त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. गडबडीत माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं, एवढं म्हणाला की झालं. एक्सरे आहेच."

सरळ गणित सांगितलं त्यांनी.

२३ नोव्हें., रवि.
पलटणीच्या ग्रुपवरून परबचा नंबर मिळाला. लावला. चोवीस वर्षांनी.

"कोण? … अरे मेल्या! जितो आसस?"

मग दोघंही काही वेळ नुसतेच हॅलो हॅलो. खोकत होता खूप. मी आडून आडून विषयावर यायला लागलो तर म्हणाला, "माका आठवता ना सगळा. मीच लिवलंय ता. पाय कसो आसा तुझो?"

सांगितलं काय ते. जाधव साहेब काय म्हणाले तेही. मग म्हणाला, "माझी चूक झाली म्हणान लिवन देतंय. तू कित्याक घाबरतंस?"

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो. तो म्हणाला, पत्ता पाठव. मी पाठवला.

४ डिसें., गुरु
परबचं पाकीट आलं. स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, आणि मजकूर स्वतःच्या हाताने. अक्षर तेच, छापल्यासारखं. बंकरमध्ये मेणबत्तीवरसुद्धा असंच लिहायचा.

"सदर चुकीची नोंद माझ्या निष्काळजीपणामुळे झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे."

सुनंदाने वाचलं. "हा कोण माणूस? आणि तुमच्यासाठी स्वतःला निष्काळजी का म्हणवून घेतोय?" बायकोपासून लग्नाची तेवीस वर्षं लपवलं, आज पाच मिनिटांत सांगून टाकलं. ती भांडी विसळत होती, नळ बंद केला.

"पडलेल्या माणसाच्या पायाला असली भोकं पडत नाहीत. मला काय डोळे नाहीत? वाट बघत होते, कधी सांगताय." मग म्हणाली, "हे पाठवणार तुम्ही?"

सोमवारी देतो म्हटलं जाधव साहेबांकडे.

९ डिसें., मंगळ
सोमवार गेला. पाकीट कपाटातच. कंपनीत ऑडिट आहे, वेळ नाही वगैरे. थापा. वेळ आहे.

परबला पाकीट मिळालं म्हणून फोन करायचाय. उद्या.

१८ डिसें., गुरु
ग्रुपवर सकाळी मेसेज. परब काल गेला. फुफ्फुसाचं होतं, दोन वर्षं चालू होतं म्हणे. मला बोलला नाही. मी तरी कुठे विचारलं. एवढा खोकला ऐकला आणि माझ्याच पायाचं सांगत बसलो.

फोन राहिला. साधं "मिळालं रे" म्हणायचं राहिलं.

गेटवरच रडू आलं. केबिनमध्ये जाऊन रजिस्टर उघडून बसलो, कुणी आलं तर दिसायला काहीतरी.

२९ डिसें., सोम.
कुडाळ. परबचं तेरावं. निगडीहून बसने आलो, पाय सुजला.

छोटं घर, अंगण सारवलेलं. वहिनींनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर हात धरून बसवलं. "तुमका पाठीर घेवन उतरले ना ते? सांगायचे आमका. तो जड होतो म्हणायचे, भरपूर शिव्या घालीत होतो म्हणायचे." बायका हसल्या, मीपण.

मग त्यांनी त्याची सर्व्हिसची ट्रंक दाखवली. प्रशस्तिपत्रं, फोटो. "ह्यांच्या कागदात कधी एक चूक निघूक नाय. मोठे डॉक्टर पण बोलायचे. माणसा वाचवणारो देव, पण कागद मी नीट ठेवले, असा म्हणायचे." हे बोलताना त्या रडल्या नाहीत, अभिमानाने बोलल्या.

प्रतिज्ञापत्राचं त्यांना ठाऊकच नाही. कुणाला न सांगता एकटा जाऊन नोटरी करून आला होता. त्या आजारात.

पानावर बसलो. वहिनी पुन्हा पुन्हा वाढत होत्या.

३ जाने., शनि.
निलेशला सगळं सांगितलं. चाकणलाच ट्रेनी आहे, सेकंड शिफ्टला निघाला होता, बूट घालता घालता थांबला. "पप्पा, म्हणजे तुम्हाला गोळा लागला होता? आणि आम्ही इतकी वर्षं…" त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ना, ते बघायलाच बहुधा मला पदक हवं होतं.

मग म्हणाला, "देऊन टाका ना परब काकांचं लेटर. त्यांना आता काय फरक पडणार?"

वाईट हेतूने नाही बोलला. बापाला मिळावं म्हणूनच. जाधव साहेबही फोनवर तेच म्हणाले. मयताची साक्ष, उलट कोण विचारणार.

खरं आहे. परब असता तर कदाचित दिलंही असतं मी. नंतर कधीतरी भेटून पाय धरले असते, त्याने शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. आता तो शब्द मागे कोण घेणार? सरकारी फायलीत कायमचा निष्काळजी होऊन बसेल तो. आणि मी छातीवर लावून फिरेन.

११ जाने., रवि.
भोसरीला शालनकडे गेलो. मुद्दाम दाजी नसताना.

वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल. चिडली. केवढी चिडली! "मला विचारलंस का तू? लग्न महिनाभर पुढं गेलं असतं. मेले नसते मी."

म्हटलं, आईसाठी.

"आईचं नाव घेऊ नको. आई तुला जन्मभर वेंधळा म्हणत गेली. तिला कळलं असतं तर तिनं असं केलं असतं का? जवळ घेऊन बसली असती तुला. तेवढंसुद्धा मिळू दिलं नाहीस तिला." आणि मग रडली. "आन् मी बी हसत ऱ्हायले रे दादा. मी बी हसले."

बरोबर आहे तिचं. मी आईला वाचवलं असं धरून चाललो होतो. आई मला कुरवाळायची राहिली हे कधी डोक्यातच आलं नाही.

चहा न घेताच निघालो. शालनने थांबवलं नाही.

१३ जाने., मंगळ
नवीन प्रतिज्ञापत्र केलं. चिखलीच्या नोटरीकडे, माझ्या हाताने, माझ्या नावाने. नोंद खोटी आहे, ती मी सांगून करवून घेतली. लिहिणाऱ्याचा दोष नाही. नाव घातलं नाही त्याचं, उगाच कशाला.

जाधव साहेबांना दाखवलं. टेबलावर आपटलं त्यांनी. "हातात आलेलं घालवलंत! कारवाई करायची ठरवली तर करतील, कळतंय का?" कळतंय साहेब. मग स्वतःच अर्जाच्या पाकिटावर रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता घालून दिला.

परबचं पत्र फाडायला घेतलं होतं. फाडवलं नाही. त्याचं अक्षर आहे.

२६ जाने., सोम.
कंपनीत झेंडा. एच.आर.च्या पोरीने सांगितलं, माजी सैनिक आहात, मेडल लावून या. आहेत ती लावली. एका साहेबाने बोट लावून विचारलं, "हे शौर्याचं का?" म्हटलं, नाही साहेब, हे उंचावर थंडीत राहिल्याचं. "वा वा," म्हणाले. पोरांना लाडू वाटले.

शालनचा फोन नाही अजून. मीही केला नाही.

८ फेब्रु., रवि.
शालन आली. एकटी, रिक्षाने. माझ्याशी धड बोलली नाही. सुनंदाकडून तेल गरम करून घेतलं आणि माझ्यासमोर खाली बसून गुडघ्याला लावायला लागली. नको म्हटलं तर हातावर चापट मारली. लोखंड कुठे आहे ते बोटाने शोधत होती. सापडल्यावर तिथेच हात ठेवून बसली.

"दुखतं?"

थंडीत.

"बरं," म्हणाली.

१७ फेब्रु., मंगळ
रेकॉर्ड ऑफिसचं पत्र. अर्ज फेटाळला नाही, मंजूरही नाही. खुलासा मागितलाय, तीस दिवसांत. सोबत छापील फॉर्म. खाली बारीक अक्षरात, खोटी माहिती दिल्याबद्दल अर्जदारावर कारवाई होऊ शकते. सुनंदाने ते दोनदा वाचलं.

पहिला रकाना: नोंद करणाऱ्याचे नाव. आता टाळता येणार नव्हतं. परबचं पूर्ण नाव लिहिलं, आणि जागा नव्हती तरी पुढे दाटीवाटीने लिहिलं, तो नाही म्हणत होता, मी भाग पाडलं.

दुसरा रकाना: खोटी नोंद करवून घेण्याचे कारण. तीन ओळींची जागा. आधी वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. अण्णा, लग्न, आई, सगळं. दोन पानं झाली. वाचल्यावर सगळं सारवासारव केल्यासारखं वाटलं. शेवटी एकच ओळ लिहिली.

आईला तार जाऊ नये म्हणून.

खाली नंबर, हुद्दा, सही. सही वाकडी आली. सुनंदा म्हणाली, "ह्यावर देतील?" म्हटलं, माहीत नाही. चिखलीच्या पोस्टात जाऊन टाकलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, पोच पाहिजे का. पाहिजे म्हटलं.