डाळिंबी साडीचा तपास

२२ मार्च

स्कार्फाचे दिवस आले! आजपासून गावातल्या सगळ्या मुली एकसारख्या. पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, काळा गॉगल, उरलेल्या तोंडाला स्कार्फाचे तीन वेढे. ओळखायचं फक्त स्कार्फाच्या रंगावरून. पण रंगाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही. पस्तीस वर्षं चौथीला कविता शिकवली. खडू एकच, पांढरा. बाकीचे सगळे रंग मला तोंडानेच दाखवावे लागत.

सकाळी फाट्यावर रुचिकाची वाट पाहत उभा होतो. नात लोणखेड्याच्या कॉलेजातून येताना माझं औषध आणते. जांभळा स्कार्फ दिसला. हात केला, स्कूटी थांबली. म्हटलं, "वा गं! पिकल्या जांभळीवर बगळा बसावा, तशी दिसतेस!"

स्कार्फातून आवाज आला — "गुरुजी, मी बँकेतली नूतन. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला नको. तुम्ही चांगलेच जिवंत आहात!"

२३ मार्च

घरी कळलं. नूतनने सूनबाईंना, रोहिणीला, सांगितलं; रोहिणीने माझ्या बायकोला, निर्मलाला. निर्मला दिवसभर मला "बगळा" म्हणते आहे.

२८ मार्च

सूनबाईंच्या उन्हाळी पोशाखाविषयी. रोहिणी घरात गाऊन घालते. भाजीवाल्याची हाक आली की गाऊनवर ओढणी टाकते. मी समोर आलो की तीच ओढणी डोक्यावर जाते. गाऊनवर फिकट गुलाबी फुलं आणि ओढणी नेहमी भडक हिरवी, दारामागच्या खिळ्यावरची. बारा वर्षं तीच! मी एकदा सुचवलं, गुलाबीला अबोली ओढणी घे. रोहिणी म्हणाली, "आबा, मी भेंडी घ्यायला जाते."

हिरवी ओढणी, हिरवी भेंडी. आहे म्हणा मेळ.

१ एप्रिल

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. लेक मोहिनी तळोद्याहून येणार. एरवीही लेकी आखाजीला माहेरी येतातच, पण यंदा ती आमच्यासाठी येते आहे. रुचिका म्हणते, फोटो काढू, सगळ्यांनी एका रंगात. कुठल्या? तर "रस्ट"! म्हटलं, म्हणजे गंज? पन्नास वर्षांच्या संसाराला गंज? "आबा, ट्रेंड आहे."

मला एकच हवं. त्या दिवशी निर्मलाने डाळिंबी साडी नेसावी.

ती माझी पहिली साडी — म्हणजे मी घेतलेली. पहिली नेमणूक खापर या गावी होती. बाजाराच्या दिवशी सुरती कपड्याच्या ढिगातून मी स्वतः ओढून काढली. पिकलेलं डाळिंब फोडल्यावर दाण्यात दिसतो ना, तो रंग, आणि काठ मोतिया. निर्मला नेसून ओसरीवर आली तेव्हा मला शाळेतली एकही ओळ आठवेना. पाठांतरात माझा तालुक्यात पहिला नंबर होता!

आता ती साडी घरात नाही. मुलगा राजेंद्र शाळेत जाऊ लागला त्या सुमारास दिसेनाशी झाली. कुठे गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. भांडेवालीला!

२ एप्रिल

का म्हणतो तेही लिहून ठेवतो. दरवर्षी मी निर्मलाला एक साडी आणतो. ती एकदा नेसते, घडी घालते, आणि दोन-तीन वर्षांनी ती साडी भांडं होऊन परत येते. आमची कढई म्हणजे माझी श्रीखंडी रंगाची. परात म्हणजे मोरपंखी अधिक राजेंद्रच्या दोन पँटी. माझा चहाचा पेला — अबोली. रोज सकाळी मी अबोलीतून चहा पितो.

घरात मी घेतलेलं एकच भांडं आहे, या वह्यांचा स्टीलचा डबा. झाकण घट्ट, मुंगी आत जात नाही, पन्नासेक वह्या मावतात. बहुधा शहाद्याहून आणला असेल. माझ्या पसंतीचं नाव निघालं की मी त्यावर एक टिचकी मारतो.

निर्मलाला आज सरळ विचारलं. "डाळिंबी कुठे आहे?"

"नई शे."

"कुणाला दिलीस?"

"तुमनी वहीमा देखा. बठ्ठं लिखतस ना तुम्ही!"

हा काय न्याय? साडी तिची, आणि शोध माझ्या वहीत!

५ एप्रिल

देवळापुढे यात्रेकरूंच्या तीन बसगाड्या. चोवीस जणी चमचमत्या टिकल्यांच्या साड्यांत. डोळे दिपले. दर्शन अर्धंच झालं.

८ एप्रिल

पाटलांकडे लग्न. ऊन त्रेचाळीस, आणि साड्या मखमलीच्या! त्यांवर आरशाएवढे खडे. सुती साडीतली मांडवात एकच बाई — निर्मला. तिला पंखाही लागत नव्हता. बाकीच्या कूलरपुढून उठायला तयार नव्हत्या. जेवताना माझ्या वरणात खडा निघाला. डाळीतला नव्हे. नवरीच्या मावशीच्या पदराचा. पुसून परत दिला. ती म्हणाली, "तरीच! एक कमी वाटत होता."

११ एप्रिल

भांडेवाली आली! मी ओसरीवरच होतो. निर्मलाने आतून तीन साड्या आणल्या, पैकी दोन माझ्या. एक चिंतामणी, एक गुलबक्षी. माझ्या डोळ्यांदेखत!

"तीन साड्या, अन् ही एवढीशी चाळणी? माय वं! रंग तं देख!"

भांडेवाली म्हणाली, "रंगावर भांडं येत नही बाई. पँट हाय का एखादी?"

मला राहवलं नाही. उठलो, म्हणालो, "अशीच माझी डाळिंबी गेली! पसंत नव्हती तर तेव्हाच सांगायचं होतंस." भांडेवालीने चाळणी खाली ठेवली आणि मजा पाहत बसली.

निर्मला शांतपणे म्हणाली, "पन्नास वरीसमा एक बी साडी मी निवाडी नई. रंग तुमना, आंग मन्हं. कधी बोलनू का?"

"मग डाळिंबीचं काय केलंस?"

"सांगं ना तुमले. वहीमा देखा."

आत जाऊन तिने माझी एक पँट आणली. चाळणी मोठी मिळाली. ती पँट मी उद्या घालणार होतो.

१२ एप्रिल

वह्या पाहिल्या. शहात्तर सालची काढली — डाळिंबी घेतल्याची नोंद सापडली, सव्वा पान! त्यात "दाडिमवर्णी" असा शब्दही आहे. वाचून डोळे भरून आले. दिल्याची नोंद त्यात कशी असणार? दुसऱ्याच्या गुन्ह्याची नोंद मी का ठेवीन?

वह्या परत डब्यात. टिचकी मारली.

१४ एप्रिल

बोलणं बंद आहे. म्हणजे माझं. तिच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

१५ एप्रिल

ठरवलं. आखाजीला सगळ्यांसमोर कविता वाचणार. पन्नास वर्षांत मनात राहिलेली एकच गोष्ट, ती निदान छंदात तरी सांगून टाकू! पहिल्या दोन ओळी जमल्या —

डाळिंबाचा रंग जिचा अन् मोती जिच्या काठी,
ती साडी का दिलीस राणी एका कढईसाठी?

"राणी" तिला आवडणार नाही. पण मात्रा बसते.

१७ एप्रिल

मोहिनी आली. तिला ओळी ऐकवल्या. म्हणाली, "आबा, आई रागावेल." म्हटलं, रागावू दे! खरं काय ते एकदा बाहेर येऊ दे. रुचिका हळूच म्हणाली, "आबा, आजीला ती साडी आवडत नव्हती, एवढंच निघालं तर?"

या पोरीला काय सांगू! त्याचीच तर भीती आहे. अडतीस-चाळीस वर्षं तीच आहे.

१९ एप्रिल, आखाजी

सकाळी घागर पुजली. पितरांना आमरस-पोळी, मग आम्हाला. कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या लेकी, गाणी, कल्ला. सगळे गंजाच्या रंगात! एकटी निर्मला पांढऱ्यावर निळ्या टिपक्यांच्या जुन्या सुती साडीत. रुचिका हट्ट करून थकली. "मले हाईच थंड वाटस." फोटोत तीच तेवढी उठून दिसते.

जेवणानंतर उभा राहिलो. कविता वाचली. आवाज पहिल्या ओळीला लागला, दुसरीला कापला. रोहिणीने ओढणी तोंडाला लावली. राजेंद्र जमिनीकडे पाहू लागला. मी निर्मलाकडे पाहिलं.

ती हसत होती! आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. आमरसाची वाटी हातातून सुटली. मोहिनीने पाठ चोळली. श्वास आला तशी म्हणाली —

"गुरुजी, तुम्ही शहात्तरनी वही काढी. ती नको. मोहिनी तिसरीमा व्हती, मी आखाजीले माहेर गयथू — ती सालनी काढा!"

मोहिनीने बोटं मोजली. "अठ्ठ्याऐंशी!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. म्हटलं, उद्या बघू. आज सण आहे.

 

२० एप्रिल

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. वह्या थैलीत काढल्या. डबा राखेने घासून ओट्यावर पालथा घातला. निर्मला अजून उठायची आहे. रुचिकाला सांगितलं आहे, दहाच्या बसने आजीला खापरला ने. साडीचा रंग आजी निवडेल, मी येणार नाही.

कारण खाली उतरवतो, माझ्याच अक्षरातून, जसंच्या तसं —

"१७ एप्रिल १९८८, रविवार. निर्मला मुलांना घेऊन आखाजीसाठी माहेरी. दुपारी भांडेवाली आली. तिच्याकडे घट्ट झाकणाचा मोठा डबा, वह्यांना अगदी हवा तसा! माझ्या दोन पँटी दिल्या. म्हणे, कमी पडतं. फडताळात पार तळाशी, कागदात गुंडाळलेली, घडीघडीत कडुलिंबाचा पाला घातलेली कुठलीशी जुनी लाल साडी मिळाली. काठ पांढरट. इतकी आत दडवली म्हणजे नकोशीच असणार. देऊन टाकली. सौदा उत्तम! निर्मला आली की डबा पाहून हरखेल."