माझ्याच नावाची रजिस्ट्री

सोमवार, दिवाळीले चार दिवस. संध्याकाळ.

भिवापूरहून आलेल्या टपालाच्या थैलीत आज माझ्याच नावाची रजिस्ट्री निघाली. बोनसच्या अर्जाचं उत्तर असणार. गावात टपाल वाटतो मीच. म्हणजे देणारा मी, सही करून घेणाराही मीच.

मागच्या वर्षीच्या उत्तरात लिहिलं होतं, अर्धवेळ माणसाले बोनस लागू नाही. अर्धवेळ! मग दिवसभर सायकल काहून हाणून राहिलो मी? यंदाही नाहीच असलं तर? फोडायची हिंमत झाली नाही. लिफाफ्यावर शेरा मारला, 'घर बंद'. बावीस वर्षांत पहिला खोटा शेरा.

घरी आलो तर दार सताड उघडं. बायको वाट पाहत उभी.

"आलं काय जी पत्र?"

"नाही वं."

घर बंद म्हणे!

'घर बंद' असलं की रजिस्ट्री सात दिवस न फोडता ऑफिसात ठेवता येते. तोवर तरी आमचा बोनस येणार आहे.