सोमवारपासून तुमचा वर्ग माझा

प्रिय सुधाताई,

सोमवारी शाळा पुन्हा उघडतेय आणि तुमचा वर्ग मला दिलाय. मुख्याध्यापिकांचा फोन ठेवल्यापासून मी घरभर येरझाऱ्या घालतेय. नवरा म्हणतो, "अगं, मूठभर पोरं, त्याचं एवढं काय टेन्शन?" त्याला काय कळतंय! म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

रागही आहे हं तुमच्यावर. आईला बघायला नाशिकला निघालात, तेव्हा "अहो ताई, या कोरोनात कशाला जाता?" म्हटलं होतं की नाही मी? "येतेच गं लवकर, तोवर पोरांना सांभाळ," म्हणालात. आई बऱ्या झाल्या आणि तुम्हीच गेलात!

आपल्या या इंटरनॅशनल शाळेत परदेशातून नुकत्याच आलेल्या मुलांना इंग्रजी बोलतं करायचं काम तुमचं. मी आपली मदतनीस, चित्रं कापणारी. लॉकडाउनमध्ये लॅपटॉपवर वर्ग घेतेय, पण एकेक शब्द आधी डिक्शनरीत बघून. मी चुकीचं शिकवलं तर ही लेकरं तेच घेऊन मोठी होणार ना?

सगळ्यात जास्त धास्ती इराची आहे. तीच, पुण्याहून इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला आलेली, दोन वेण्यांची. काहीही विचारा, "येस टीचर." कळलं का? येस. पुस्तक कुठाय? येस! आता तिची वर्गशिक्षिका म्हणते, हिच्या बुद्धीची तपासणी करून घेऊ. ताई, एकदा का शिक्का बसला की तो पुसायचा कुणी?

मुद्दाम चुकायची तुमची युक्तीही करून पाहिली. बटाटा दाखवून म्हटलं, हे अंडं. बाकीची मुलं "नो, नो!" करत खिदळली. इरा म्हणाली, येस.

शेवटी सायकल काढून तिच्या घरी गेले. दारातच, लांब उभं राहून बोललो. तिची आई म्हणाली, "मॅडम, आम्हीच बजावलंय तिला. टीचरना नाही म्हणायचं नाही, उलट बोलायचं नाही. शहाण्यासारखं वागते ना?" आपण सगळ्या अशाच तर वाढलो. मी इराला म्हटलं, "मी चुकले तर मला नाही म्हणायचं बरं का." तिनं आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. म्हणजे परत हो!

आज सकाळी वर्गात एकानं विचारलं, सुधा टीचर कधी येणार? तुम्ही गेल्याचं मुलांना सांगायचा धीर मला झालाच नव्हता. आजही नाही झाला. मी इंग्रजीत म्हटलं, "टीचर सुट्टीवर आहेत, लवकर येतील." सगळ्यांनी माना हलवल्या.

"नो," इरा म्हणाली.

मला वाटलं, आवाज दुसऱ्या कुणाचा असेल. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली होती. "नो, टीचर. सुधा टीचर नॉट कमिंग." आईनं तिला सांगितलं असणार. खालचा ओठ थरथरत होता, पण नजर माझ्यावरच होती. मी घाबरून कॅमेरा बंद केला आणि ओट्याला टेकून रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

ताई, भीती गेलेली नाही. पण शब्द देते: सोमवारी मुलांना सगळं खरं सांगेन. आणि इराच्या वर्गशिक्षिकेला सांगेन, की या वर्गात खरं बोलायची हिंमत फक्त इराला झाली.

तुमची,
मंजिरी