नवसाचं बोकड

मोहनराव,

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. आज घेतलं. आता माझं काय जायचं राहिलंय?

तुमच्या दुसरीला पोरगं झालं म्हणून देवीला बोकड बोललात. आष्टीच्या बाजारातून आणलंत अन् ऊसतोडीला जाताना पोसायला माझ्याच दारात बांधलंत! त्याला हगवण लागली, ते उभं राहीना. डाळिंबाची साल उकळून पाजली, माझी वाकळ त्याच्या अंगावर घातली. तुमी दुकानातल्या नव्या फोनवर निरोप ठेवलात, "बोकड मेलं तर गाठ माझ्याशी हाय." मी जगले का मेले, एका शब्दानं इचारलं न्हाई.

आता ते उड्या मारतंय. माझ्या हातानं जगवलेलं तुमी पोराच्या जावळाला कापणार?

काल विळ्यानं मी त्याचा कान फाडला. ते लई ओरडलं. मीबी रडले, जखमेत हळद भरली. खोट असलेलं देवीला चालत न्हाई. तुमाला तरी कुठं चालतं? उसाच्या गाडीवरून पडून मी लंगडी झाले, तवा "मोडका कोयता काय कामाचा" म्हणून तुमी दुसरी आणलीत.

हे पत्र टाकणार न्हाई. टाकलं तर वाटेतच दुसरं बोकड घ्याल. बोकड न्यायला सगळी भावकी घेऊनच या. आमी दोघं दारातच उभी असू.

लंगडी,
मुक्ता